रफूच्या बटणावरचा कागद

मित्रांनो, घाबरू नका, मी तुमच्याकडे चार्जर मागायला आलेलो नाही. मी एक जुना टॅब आहे. माझी बॅटरी आता चार पावलं चालली की बसायला खुर्ची शोधते. एका लाँड्रीत, दोऱ्यांच्या रिळांशेजारी, फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात डिंकाचा एक चौकोनी डाग आहे. जिथे लोकांच्या कॉलरवरचे, बाहीवरचे नाना तऱ्हेचे डाग निघतात त्या लाँड्रीत राहूनही माझा डाग निघालेला नाही. तो का निघाला नाही, तेवढंच आज तुम्हाला सांगणार आहे.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. एका लांबलचक टेबलावर माझे भाग एकमेकांना चिकटवले गेले. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काच पुसली आणि माझ्याकडे न बघताच मला खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं एका लहानशा कंपनीत. ही कंपनी दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवायची, आणि तेव्हा त्यांचं लाँड्रीचं सॉफ्टवेअर तयार होत होतं. गिऱ्हाईक कपडे घेऊन आलं की ते टॅबवर लिहायचे, पावती छापायची, कपड्याला टॅग टाचायचा, धुऊन झाले की दांडीवर शोधायचे आणि द्यायचे. एवढंच काम. पण सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींना साध्यावर समाधान नसतं. त्यांनी माझ्या पडद्यावर बटणांची नुसती खोगीरभरती करून ठेवली होती.

नव्या माणसाला ही गर्दी ओळखीची कशी करून द्यायची, हे काम एका मुलीकडे होतं. तिचा चष्मा नाकावर कमी आणि डोक्यावर जास्त असायचा, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणतो. आधीच्या लोकांनी एक सोय केलेली होती. सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की एक पिवळी चौकट यायची आणि सांगायची, हे बटण अमक्याचं. मग 'पुढे' दाबायचं की दुसरी चौकट. मग तिसरी. चष्मेवाली येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून माझ्यासमोर बसवायची. शेजारच्या दातांच्या दवाखान्यातल्या बाई आल्या, पाण्याचे जार पोचवणारा आला, तिची स्वतःची आई आली. सगळ्यांनी डास मारल्यासारख्या त्या चौकटी मारल्या आणि शेवटी एकच विचारलं, बरं, आता मी काय करू? आईने तर पहिल्याच चौकटीला हात जोडले.

चष्मेवाली बरेच दिवस विचार करत होती. कागदावर चौकोन काढायची, खोडायची, पेन्सिल चावायची. मग एक दिवस तिने पिवळ्या चौकटी काढूनच टाकल्या. तिचं म्हणणं सरळ होतं. घरी पाहुणा आला की आपण त्याला पाणी कुठे आणि बाथरूम कुठे एवढंच दाखवतो. माळ्यावर चढवून जुनी भांडी दाखवत नाही. तेव्हा पहिल्या दिवशी पडद्यावर तीनच बटणं राहतील: कपडे घ्या, कपडे शोधा, कपडे द्या. या तिघांवर हात बसला की मग हळूच 'डाग' नावाचं बटण येईल. ते वापरात आलं की 'तातडीचे', मग 'घरपोच', मग 'रफू'. हात बसला की नाही हे मी मोजायचं. वापर पुरेसा झाला की पुढचं दार मी उघडायचं.

मोठे साहेब म्हणाले, लोक आपल्याकडे इतक्या सोयी बघून येतात आणि तू त्या लपवतेस? उद्या म्हणतील, यांच्याकडे आहेच काय. बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरलं की एका दुकानात करून बघायचं, आणि मला पिशवीत घालून त्या दुकानात नेण्यात आलं. तेच हे दुकान.

दुकान एका जोडप्याचं. मागे यंत्रांपाशी दादा, पुढे काउंटरवर त्यांची बायको. सगळं गिऱ्हाईक त्यांना वहिनी म्हणायचं, म्हणून मीही म्हणतो. वर त्यांचं घर, खाली दुकान. वहिनींनी मला पहिल्यांदा पाहिलं ते मांजराने पाण्याकडे पाहावं तसं. त्यांनी तीन बटणं पाहिली आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. संध्याकाळपर्यंत त्या मला एका हाताने चालवत होत्या आणि दुसऱ्या हाताने हँगर मोकळे करत होत्या. काही दिवसांनी 'डाग' आलं तेव्हा त्यांनी दादांना हाक मारून दाखवलं, जणू कुंडीत फूल आलंय. पुढची बटणं एकेक करून आली आणि प्रत्येकाला त्यांनी सवयीची जागा दिली. चष्मेवाली अधूनमधून येऊन स्टुलावर बसायची आणि नुसती बघायची. वहिनी तिला सांगायच्या, बाई गं, हे तुझं यंत्र मास्तरकी करत नाही, हे मला आवडलं. त्या दिवसांत माझी फार वाखाणणी झाली. साहेबांनी माझा फोटो काढून नेला. मीही जरा फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग वहिनींना अंधुक दिसायला लागलं. मोतीबिंदू. ऑपरेशन ठरलं, आणि डॉक्टरांनी बजावलं की काही आठवडे वाफेत उभं राहायचं नाही आणि पडद्याकडे टक लावायची नाही. काउंटर कोण बघणार, हा प्रश्न आला. दादांचं मत पडलं की एजन्सीकडून एखादी शिकलेली बाई आणू. त्यावर दादांची धाकटी बहीण म्हणाली, मी बघते.

ही म्हणजे वहिनींची नणंद. वहिनी तिला वन्सं म्हणायच्या, तेही मुद्दाम जरा लाडात, कारण आता असं कोणी म्हणत नाही. नवरा गेल्यावर वन्सं भावाकडे येऊन राहिल्या होत्या. घरात कोणी त्यांना एका शब्दाने बोलत नव्हतं. पण आयतं बसून खाणं त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. पोळी वाढली की त्या आधी सगळ्यांच्या ताटाकडे बघायच्या. दूरच्या गावी त्यांची एक आजारी मावशी होती, तिला सोबतीला माणूस हवं होतं आणि तिचे फोन येत होते. वन्संना तिकडे जायचं नव्हतं. दिवसभर अंधाऱ्या खोलीत औषधांच्या वेळा सांभाळत बसणं, हे त्यांना नको होतं. काउंटर जमलं तर मी माझ्या कष्टाने इथे राहीन, असं त्यांनी वहिनींना सांगितलं. नाही जमलं तर मावशीकडे जाईन, आणि मग मला थांब म्हणू नका.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी वहिनींनी त्यांना माझ्यासमोर बसवलं. वहिनींचा हात माझ्यावर असा पळत होता की बघणाऱ्याला नुसता वारा लागावा. हे दाबा, मग हे, गिऱ्हाईक घाईत असेल तर हे, हे कधीमधी लागतं, झालं. वन्संनी मान डोलावली. तेवढ्यात रिक्षा आली आणि वहिनी दवाखान्यात गेल्या.

आता मित्रांनो, एक गोष्ट नीट ऐका. मला बोट कळतं. बोटामागचं माणूस मला कळत नाही. वहिनींच्या बोटाने सगळी दारं उघडली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी वन्सं एकट्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा मी सगळी बटणं मांडून बसलो होतो. जिला पाणी कुठे आहे हे माहीत नव्हतं, तिला मी थेट माळ्यावर चढवलं.

वन्सं घाबरल्या, पण मागे हटल्या नाहीत. एकेक अक्षर शोधून नाव लिहायच्या, मग बटणांकडे बघत बसायच्या. बोट काचेवर तरंगत राहायचं. मागे रांग लागायची. कोणाची चादर तातडीची झाली, कोणाचा पडदा ज्याने आणला त्याच्याच घरी न धुता परत गेला. गिऱ्हाईक हसून सोडून द्यायचं. दादा काही बोलायचे नाहीत, पण यंत्रांच्या खोलीतून वरचेवर डोकावायचे, आणि ते डोकावणं वन्संना बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

आणि मग तो काळा कोट आला. कोपऱ्यावरच्या संगीतशाळेत व्हायोलिन शिकवणारे एक काका होते. शनिवारी त्यांचा मोठा कार्यक्रम होता. त्यांनी कोट दिला, शनिवारी दुपारी नेतो म्हणाले. वन्संनी नाव लिहिलं, पावती दिली, कोटाला टाचणीने टॅग लावला. टाचणी लावली हे यंत्रालाही सांगायला हवं असं त्यांना वाटलं. माझ्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक टोकदार चित्र होतं. ते त्यांनी दाबलं. ते चित्र टाचणीचं नव्हतं, सुईचं होतं. ते 'रफू' होतं.

त्यामुळे कोट रफूच्या यादीत चढला, रफूच्या पिशवीत पडला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला रफूगारांकडे गेला. त्या भल्या माणसाने कोट उजेडात धरधरून भोक शोधलं. सापडलं नाही, तेव्हा बाजूला ठेवला आणि शनिवारी कुलूप लावून भाचीच्या घरी गेला. इकडे व्हायोलिनवाले काका काउंटरवर उभे. वन्संनी दांडी इकडून तिकडे तीनतीनदा चाळली. दादा आले, त्यांनी पिशव्या उलट्या केल्या. 'कपडे शोधा' दाबलं तेव्हा कळलं की कोट रफूला गेलाय, आणि रफूगाराकडे तर कुलूप. शेवटी दादांनी वर जाऊन स्वतःचा कोट आणून दिला. दादांच्या कोटात काका दोनदा मावले असते. तोच घालून ते बिचारे वाजवायला गेले, आणि जाताना एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं वन्सं नंतर म्हणाल्या.

रविवारी लाँड्री बंद होती. सोमवारी वन्सं खाली आल्या त्या बॅग भरूनच. वहिनी डोळ्यावर काळा चष्मा लावून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या आणि समजावत होत्या. वन्सं म्हणाल्या की माझ्या डोक्यात हे शिरत नाही, उगाच तुमच्या दुकानाची अब्रू घालवू नका. आवाज चढला नव्हता. बॅगेची चेन मात्र नीट लागत नव्हती आणि त्या ती पुन्हा पुन्हा ओढत होत्या. एजन्सीची बाई दुपारी भेटायला येणार होती.

त्याच सकाळी चष्मेवाली आली. तिची नेहमीची फेरी होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. वहिनींनी तिला सगळं सांगितलं. तिने बॅगेकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं, आणि आपला स्कार्फ काढून काउंटरवर ठेवला. म्हणाली, जायच्या आधी एवढा घ्या धुवायला. वन्संनी नाइलाजाने बोट उचललं. बोट तरंगायला लागलं. चष्मेवालीने डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे वाकून पाहिलं.

"पहिल्या दिवशीही एवढी सगळी बटणं होती?"

"हो. अशीच होती."

चष्मेवाली स्टुलावर बसली. तिच्या ऑफिसात प्रत्येकाचा टॅब वेगळा, प्रत्येकाचा कपसुद्धा वेगळा. एकाच टॅबवर दोन माणसं बोटं ठेवतील, हे तिथे एकाच्याही मनात आलं नव्हतं. घरात एक कंगवा चौघं वापरतात, दुकानात एक खुर्ची तिघं वापरतात, हे ती मंडळी विसरून गेली होती.

"चूक आमची आहे," ती म्हणाली. "आम्ही टॅबची ओळख मोजत बसलो. तुमची मोजलीच नाही. तुम्हाला जे पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं, ते तुम्ही पाहिलेलंच नाही."

वन्संनी बॅगेची चेन सोडली. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"तुमचं ठीक आहे."

वन्सं रडल्या. उभ्या उभ्या, पदर वगैरे न लावता, सरळ रडल्या. इतके दिवस त्यांनी स्वतःला जे जे म्हणून घेतलं होतं ते सगळं त्यात होतं. वहिनींनाही रडू आलं, पण डॉक्टरांनी रडायचंही नाही असं सांगितलं होतं, म्हणून त्या आवंढे गिळत राहिल्या.

चष्मेवालीने ऑफिसला फोन लावला. तिकडून कळलं की माणसागणिक वेगळी ओळख ठेवायची तर वेळ लागेल, पुढच्या वेळी बघू. मला पुसून कोरा करावा, तर वहिनींची सगळी बटणं जातील. तिने फोन ठेवला आणि इकडेतिकडे पाहिलं. काउंटरवर टॅगचा गठ्ठा होता, मागे डिंक लावलेले, पिशव्यांवर चिकटवायचे कागदी टॅग. तिने एक टॅग सोलला आणि थेट माझ्या तोंडावर चिकटवला. मग दुसरा. मला राग आला, उगाच का लपवू. एवढी चकचकीत काच माझी, आणि तिच्यावर ठिगळं. बघता बघता सगळी बटणं झाकली गेली आणि तीनच उघडी राहिली. वन्संनी स्कार्फ घेतला. पावती छापली. टाचणी लावली. थांबल्या.

"आणखी काही करायचं नाही?"

"नाही. झालं."

"मग कागद कधी काढायचे?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा. आणि तुम्हीच काढायचे."

दुपारी एजन्सीची बाई आली तेव्हा दादांनी तिला पाणी विचारलं आणि परत पाठवलं. बॅग मात्र काउंटरखालीच राहिली. वन्सं म्हणाल्या, असू दे तिथे, बघू.

पुढे जे झालं ते मला अजून नवलाचं वाटतं. मोजणी करून मी 'डाग' बटण आणलं असतं बऱ्याच दिवसांनी. वन्संनी त्याचा कागद दुसऱ्याच दिवशी काढला, कारण एक डॉक्टरीणबाई शाईने माखलेला पांढरा डगला घेऊन आल्या आणि डाग कुठे लिहायचा हा प्रश्न पडला. 'तातडीचे' त्यांनी काढून बघितलं, दोन दिवस वापरलं आणि पुन्हा झाकून टाकलं. म्हणाल्या, हे दिसलं की सगळ्यांनाच घाई होते. मग आठवड्याने परत उघडलं. चष्मेवाली येऊन स्टुलावर बसायची आणि वहीत काही न लिहिता नुसती बघत राहायची. माझी मोजणी आणि वन्संची गरज यांचा एकदाही मेळ बसला नाही. मी आपला किती वेळा दाबलं ते मोजत होतो. त्यांना काय अडलंय ते मला कुठून कळणार.

बाकी कागद गेले. 'रफू'वरचा तेवढा राहिला. कोणाचं फाटलेलं आलं तर वन्सं दादांना हाक मारायच्या आणि स्वतः बाजूला व्हायच्या; दादा मला हात न लावता कपडा थेट रफूच्या पिशवीत टाकायचे. त्या कोपऱ्याकडे त्यांचं बोट वळायचंच नाही.

वहिनी बऱ्या होऊन खाली आल्या. नव्या डोळ्यांनी त्यांना सगळंच फार स्वच्छ दिसत होतं, कोळिष्टकंसुद्धा. काउंटरवर आल्या आल्या त्यांना एक फाटकी चादर रफूला घालायची होती. त्यांनी कोपऱ्यातल्या कागदाला नख लावलं. आणि थांबल्या. नख काढून घेतलं, कागदाची उचललेली कड अंगठ्याने दाबून बसवली, आणि म्हणाल्या, "वन्सं, हा तुमचा आहे. तुम्हीच काढा."

"आज नको गं, वहिनी."

"नको तर नको. मी तुमच्या दादांना हाक मारते." आणि खरंच, ज्या बाईला ते बटण डोळे मिटून सापडायचं, तिने कागद काढला नाही. इतके दिवस मला वाटत होतं की शिकवणं म्हणजे दाखवणं. त्या दिवशी मी हे नवं पाहिलं.

थोड्या दिवसांनी व्हायोलिनवाले काका आले. वन्संनी त्यांना पाहिलं आणि त्यांच्या हातातला हँगर खाली पडला. काकांनी तोच काळा कोट काउंटरवर ठेवला. यावेळी अस्तर खरोखरच उसवलं होतं. ते म्हणाले की यावेळी रफूगाराला भोक सापडेल, त्याला सांगा. वन्सं हसल्या. मग त्यांनी माझ्या कोपऱ्यातला कागद सोलून काढला, सुईच्या चित्रावर बोट ठेवलं, आणि विचारलं, "कार्यक्रम कोणत्या दिवशी आहे?" काकांनी दिवस सांगितला. तो त्यांनी लिहिला आणि स्वतः दोनदा वाचून पाहिला. त्या रात्री जेवणाआधी काउंटरखालची बॅग रिकामी झाली आणि माळ्यावर गेली.

कोट वेळेवर मिळाला. काकांनी दोघींना कार्यक्रमाला बोलावलं. दोघी एकदम गेल्या तर काउंटरवर कोण? दादा म्हणाले, मी आहे की, त्यात काय अवघड आहे. तोवर कंपनीने माझ्यात सुधारणा केली होती. मला उघडलं की मी आधी विचारायचो, कोण बसलंय? आणि बटणं आपोआप उगवणं बंद झालं होतं. झाकलेल्या चौकोनांवर बोट ठेवून ज्याने त्याने ती आपली आपण उघडायची. नावं वहिनींनी घातली होती: वहिनी, वन्सं, आणि दादांच्या नावाच्या जागी 'अहो'. ही नावं पावतीवर छापली जायची. त्यामुळे सगळं गिऱ्हाईक एव्हाना वन्संना वन्संच म्हणायला लागलं होतं, वयाने मोठी माणसंसुद्धा. व्हायोलिनवाले काकाही.

दादा खुर्चीवर बसले, त्यांनी 'अहो'वर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे बघतच राहिले. तीन बटणं.

"अगं, बाकीची बटणं कुठे गेली?"

वन्सं दारात चपला घालत होत्या. "आहेत, दादा. पळून जात नाहीत. तू आधी माणसाचं नाव नीट लिहायला शिक."

मित्रांनो, त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. आता काउंटरवर नवा टॅब आहे, माझ्यापेक्षा पातळ आणि जरा शिष्ट. मला राग नाही. फक्त तुम्हाला सांगतो, आमच्यासारख्यांना ओल्या हाताने धरू नका, पाडू नका, अधूनमधून चार्ज करत जा. आणि तुमच्या शेजारी कोणी नवखं येऊन बसलं, त्याचं बोट काचेवर तरंगत राहिलं, तर ते बोट धरून घाईने दाबू नका. तुम्हाला येत असलं तरी. जरा थांबा, कागद त्याला काढू द्या.

वन्सं अजून रोज दुकान उघडल्यावर मला फळीवरून काढतात आणि ओल्या फडक्याने पुसतात. डिंकाचा डाग घालवायला त्यांच्याकडे तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या आहेत. पण कोपऱ्याशी आल्या की त्या फडकं उचलतात आणि तेवढी जागा सोडून देतात.